मुका इस्तो

अध्यक्ष महोदय अजून पोटात होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्याच वर्षी साक्षीला बोलता यायला लागलं होतं. तशी ती घरात लहानपणापासून पटपट बोलायची, पण शाळेत बाईंनी उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची आणि नजर सरळ आपल्या चपलांवर. मग नववीत एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली, तिच्या जागी साक्षीला दोंडाईच्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढकललं गेलं, आणि माइकसमोर उभं राहिल्यावर काय झालं कोण जाणे, कुणीतरी बूच काढावं तसा आवाज भळाभळा बाहेर आला. दुसरा नंबर. टीव्हीच्या वर ढाल. तेव्हापासून पोरगी थांबायचं नाव घेईना. दळण आणायला गेली तरी गिरणीवाल्या पंडितनानांना 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकवून यायची. ते म्हणायचे, बाई, आधी तुझं अडव, माझं पीठ जळतंय.

डिसेंबर सरता सरता दीपमालाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि साक्षीला हक्काचा श्रोता मिळाला. शाळा सुटली की सव्वीस जानेवारीच्या भाषणाची तालीम ताईसमोर. कमरेवर हात, हनुवटी वर, आणि सुरुवात: अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! पहिल्याच दिवशी 'महोदय'वर ताईच्या पोटातून अशी लाथ आली, की गाउनवरचं छापील फूल हललं. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा लाथ.

"हा स्वतःलाच अध्यक्ष समजतो बघ," ताई म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून बाळाचं नाव अध्यक्ष. मुलगी झाली तरी अध्यक्षच, असं साक्षीने सगळ्यांना बजावून ठेवलं. चाळीसगावहून राजदीप भाऊजींचा फोन आला, की तेसुद्धा आधी अध्यक्षांची तब्येत विचारायचे आणि मग बायकोची. ताई लटकी रागवायची, फोन पोटाला लावायची आणि म्हणायची, घ्या, त्यांच्याशीच बोला.

आता घराचं सांगायला हवं, कारण सगळं येऊन घरापाशीच थांबतं.

दोंडाईच्यापासून एस.टी.ने गाठायचं हे गाव. तिथे साक्षीचं जुनं घर कुडाचं होतं, वर कौलं. आत झोपलं तरी चांदण्या दिसायच्या आणि पहाटे वारा घरमालकासारखा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायचा. ते पाडून मागच्याच वर्षी घरकुल बांधलं. पक्क्या विटा, वर स्लॅब. साक्षीच्या वडिलांचं नाव आधार, मिरचीच्या खळ्यावर मुकादम. सगळे त्यांना आबा म्हणत, आणि घरातही आबाच. त्यांनी हौसेने ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. काचेच्या कडेला काळं रबर. खिडकी सरकवली की 'चप्' असा आवाज यायचा आणि बाहेरची लग्नाची वरातसुद्धा ऐकू यायची नाही. साक्षीची आई सुलक्षणाबाई पहिले दोन महिने आल्यागेल्याला तो 'चप्' ऐकवत होती. त्या घरातली मागची खोली तिने ताईसाठी तयार केली. बाज, नवी गादी, कोपऱ्यात बाळाच्या दुपट्यांची चळत. दाराखालून गार येतं म्हणून तिथे मिरचीचं बारदान घडी घालून दाबलं. बाळंतिणीच्या खोलीत वारं शिरता कामा नये, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं.

आणि त्या वर्षी थंडी अशी पडली, की विचारू नका. एरवी आमच्या भागाचं नाव पेपरात येत नाही, पण जानेवारीत रोज यायचं, राज्यात सगळ्यात गार धुळे म्हणून. नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहायची नाहीत. आबा आंघोळीला टाळाटाळ करू लागले आणि आई त्यांना म्हणे, मिरचीच्या वासाने तरी लोक ओळखतात तुम्हाला, आता वासानेच घाबरतील.

म्हणून इस्तो.

इस्तो म्हणजे विस्तव. आई अंगणातल्या चुलीवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं लावायची, स्वयंपाक झाला की उरलेले निखारे लोखंडी घमेल्यात काढायची. पण ते घमेलं ती लगेच आत नेत नसे. त्याचं एक शास्त्र होतं तिचं. अंगणात ठेवून वाट बघायची. काळपट कांडं धुमसत असतील ती चिमट्याने काढून टाकायची. धूर निघायचा थांबला, तडतड थांबली, वर राखेची मऊ साय धरली आणि आत लालबुंद झालं, की ती म्हणायची, मुका झाला. साक्षी घाईने घमेलं उचलायला गेली तर हातावर चापट बसायची.

"इस्तो मुका व्हवू दे, मंग घरमा ले."

कारण धूर बाळाला वाईट. हे आईला पक्कं ठाऊक होतं. गावातल्या एका बाईचं मूल धुरकट स्वयंपाकघरात वाढलं आणि कायम खोकत राहिलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून लेकीच्या खोलीत धुराचा एक तंतू शिरू द्यायचा नाही. मुका इस्तो मात्र गरीब बिचारा. तो बाजेखाली, पायथ्याशी ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं.

ताईचं डोकं त्यानंतर दुखायला लागलं.

आता गंमत बघा, डोकं एकाचं आणि कारणं प्रत्येकाची वेगळी. आबांच्या मते मोबाइल. आईच्या मते पित्त. शेजारच्या पार्वताअक्कांच्या मते पोटातल्या पोराला केस फार आलेत. तपासणीच्या दिवशी नर्सबाईंनी ब्लडप्रेशर बघितलं, ठीक होतं. लोहाच्या गोळ्या वेळेवर घे म्हणाल्या. त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीत बसून ताईने केळीचे वेफर पिशवीभर खाल्ले, दोंडाईच्यात दुकानातली झबली हाताळत हिंडली, डोक्याचं नावसुद्धा काढलं नाही. घरी आली, संध्याकाळी घमेलं आत आलं, आणि सकाळी पुन्हा कोमेजलेली, मळमळून तोंडाला पाणी सुटतंय, उठवत नाही. बाहेर गेली की बरी आणि घरात आली की मलूल. यावरून आईने निष्कर्ष काढला, की हिला नवऱ्याची आठवण येते.

साक्षीही त्याच खोलीत ताईजवळ झोपायची. सकाळी तिचंही कपाळ ठणकायचं. शाळेच्या वाटेवर उतरून जायचं. तिने ते भूमितीवर ढकललं होतं. आणि अध्यक्ष? अध्यक्ष अलीकडे जरा सावकाश उत्तर द्यायचे. एका 'महोदय'ला दाद मिळेना, दोन-तीनदा म्हणावं लागायचं. ताई म्हणाली, आता जागा कमी पडत असेल. साक्षी म्हणाली, भाषण तेच तेच ऐकून कंटाळले असतील. दोघी हसल्या होत्या.

त्या रविवारी भाऊजी येणार होते. त्यांच्या असोद्याच्या मावशीने भरताची वांगी धाडली होती, हिरवी, पांढुरक्या रेषांची, तान्ह्या बाळाएवढी एकेक. आईने सकाळीच अंगणात पऱ्हाट्यांचा मोठा जाळ केला. जावई येणार म्हटल्यावर वांगी गॅसवर कोण भाजतं? जाळ मोठा, म्हणून इस्तोही रोजच्यापेक्षा जास्त. धुकं एवढं दाट होतं की समोरचं बुद्धविहार दिसत नव्हतं, उन्हाचा पत्ता नाही. ताईने केस धुतलेले. केस लांबसडक, ओले, पाठीवर गार पाणी ओघळतंय. आईने इस्तो मुका होऊ दिला, नीट, रोजच्यासारखा वाट बघून, आणि भरलेलं घमेलं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. ताईला त्याच्याजवळ बसवलं, केस वाळव म्हणाली, आणि ओल्या डोक्याला वारं लागू नये म्हणून दार ओढून घेतलं. बारदान आतून ताईनेच पायाने सरकवून बसवलं.

साक्षी शाळेत तालमीला गेली होती. रविवार असूनही बाईंनी बोलावलं होतं. परत आली ती उड्या मारतच, कारण बाईंनी तिचं भाषण सगळ्यात शेवटी ठेवलं होतं आणि शेवटी म्हणजे सगळ्यात भारी. अंगणात आई वांग्यांची सालं काढत होती, बोटं काळीभोर. ताई कुठेय विचारलं तर म्हणाली, केस वाळवते आहे, झोप लागली वाटतं, आवाज नको करू.

साक्षी आवाज न करता थोडीच राहणार? दाराला खांदा लावून तिने बारदानासकट दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच ठोकलं, अध्यक्ष महोदय!

ताई बाजेच्या पायाला टेकून बसलेली. मान एका बाजूला. केस वाळून खांद्यावर पसरलेले, आणि गाल लाल. अशी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती. खोली मस्त उबदार, धुराचा वास म्हणाल तर अजिबात नाही. साक्षीला क्षणभर वाटलं, झोपू द्यावं. मग तिने पाहिलं, की ताईचा हात घमेल्याच्या काठाला टेकलाय, कातडी पांढरी पडलीय, आणि ताईला त्याचा पत्ता नाही.

तिने आईला हाक मारली ती अर्ध्या गावाने ऐकली. दोघींनी काखेत हात घालून ताईला ओढत अंगणात आणलं. धुक्याचा गारठा अंगावर आला तशी ताईने डोळे उघडले, मग उलटी झाली, मग पुन्हा एक. कुठे आहे मी, असं तिने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा तेच विचारलं. आबा खळ्यावरून धावत आले. पार्वताअक्का कांदा घेऊन आल्या. आईने ताईच्या भाजलेल्या हाताला हळद लावली. हळूहळू ताई नीट बसली, पाणी प्यायली, आणि सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून लाजली.

तेव्हा साक्षीला आठवलं ते यंत्र. कोरोनात आबांनी आणलेलं, बोटाला लावायचं. अजून कपाटात डबीत होतं. सेल बदलून तिने ते ताईच्या बोटाला लावलं. लाल दिवा लागला, आकडे नाचले आणि थांबले. अठ्ठ्याण्णव. कोरोनात चौऱ्याण्णवच्या खाली घाबरायचं असतं, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल. साक्षीने ते यंत्र ढालीसारखं वर धरलं आणि व्यासपीठावरच्या आवाजात जाहीर केलं, की ऑक्सिजन एकदम फर्स्ट क्लास आहे, ताई बरी आहे.

अंगणात सगळ्यांचा श्वास सुटला. आबा म्हणत होते गाडी बघतो, दवाखान्यात नेऊ. ते पुन्हा खाटेवर बसले. ताईच म्हणाली, रिकाम्यापोटी न्हायले म्हणून घेरी आली असेल, हे येतीलच इतक्यात, त्यांना फोन करून घाबरवू नका. आईने लिंबाचं सरबत केलं. धुकं विरलं, ऊन आलं. ताईला उन्हात गोधडीवर निजवलं, डाव्या कुशीवर, नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे. डोकं तेवढं फुटतंय म्हणाली.

साक्षी तिच्याजवळ बसली. सहज म्हणून, हळूच म्हणाली, अध्यक्ष महोदय.

काही नाही.

पुन्हा म्हणाली. मग पूज्य गुरुजनवर्गापर्यंत गेली. गाउनवरचं फूल जिथल्या तिथे. ताई म्हणाली, झोपला असेल, मीच एवढी दमलेय. आईने गूळ-शेंगदाणे आणून दिले, गोड खाल्लं की पोर उठतं. ताईने खाल्लं. आईने वांगी ठेचून तिखट, लसूण, कांद्याची पात घालून भरीत केलं, पुऱ्या तळल्या. भाऊजी आले, हसत आले, सगळी हकिकत ऐकून त्यांचं हसू गेलं. त्यांनी तिथेच गुडघ्यावर बसून पोटाशी तोंड नेलं आणि विचारलं, काय साहेब, रागावलात का? ताई पोटावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सरकलं.

"सकाळपासून नाही हलला हा," ती म्हणाली. "साक्षी, खरं सांगू, मला आठवतच नाहीये शेवटचा कधी हलला."

भरीत तसंच राहिलं. गल्लीतल्या गिरधरभाऊंची पिकअप निघाली, ताई पुढे, बाकीचे मागे, दोंडाईच्यापर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलताना हात थांबत नव्हते त्यांचे. त्यांनी काय झालं ते विचारलं. आईने सांगितलं, न्हायली, घेरी आली. त्यांनी हाताचा फोड पाहिला आणि विचारलं, हे कशाने? आई म्हणाली, भाजलं जरा. डॉक्टरबाईंनी हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहिलं. खोलीत शेगडी होती का? गॅसचा गिझर? चूल? आईने मान हलवली. नाही. धूर होईल असं काहीच नाही.

साक्षीने आईकडे पाहिलं. आई खोटं बोलत नव्हती, हेच तर भयंकर होतं. तिच्या लेखी ते खरं होतं.

"इस्तो होता," साक्षी म्हणाली. "घमेलंभर. दार लावलेलं होतं."

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी घरातलं भांडं चव्हाट्यावर नेऊन आपटलं असावं. मग डॉक्टरबाईंना समजावत म्हणाली, "पन मुका व्हता तो. धूर नही, वास नही."

"मुका म्हणजे?"

साक्षीने सांगितलं. धूर गेलेला, राख धरलेला, नुसता लाल.

"तोच," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच ताईच्या तोंडावर मास्क चढवून दोरी मागे आवळली. बंद खोलीत निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही की खोकवत नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावून बसतो. आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाच्या रक्तात जातो. साक्षीने घाईने सांगितलं, पण अठ्ठ्याण्णव होतं, मी स्वतः बघितलं, यंत्र नवीन सेल घालून लावलं होतं. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या यंत्राला दोन्ही सारखेच लाल दिसतात ग. ऑक्सिजन असो की हा असो, ते आपलं मोजत बसतं.

साक्षीच्या खिशात ते यंत्र होतं. तिने खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

मग पोटावर जेल लावून डॉक्टरबाईंनी ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. बराच वेळ खरखर. आणि मग आले. साक्षीने हे ठोके मागे एकदा ताईबरोबर ऐकले होते, तेव्हा घोडा दौडत यावा तसे होते. आता घोडा दमून चालत होता. पण चालत होता. भाऊजींनी भिंतीला हात टेकला.

ॲम्ब्युलन्सने धुळ्याला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाठवलं, मास्क तसाच चालू. संध्याकाळ व्हायच्या आत ताई चक्क ताजीतवानी झाली. डोकं थांबलं. भूक लागली म्हणाली. गालावरची ती लाली जाऊन तिचा नेहमीचा सावळा रंग आला, आणि तो पाहून आईला पहिल्यांदा रडू फुटलं, आनंदाचं. ताईने मास्क वर सरकवला, प्लास्टिकचा वास येतो म्हणाली, मी बरी आहे आता, कशाला हे. नर्सने येऊन तो खाली ओढला. मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा तुझ्यासाठी नाहीये. तुझ्या रक्तातून तो वायू लवकर निघतो, बाळाच्या रक्ताने त्याला जास्त घट्ट धरलेलं असतं. तू बरी झालीस तरी बाळ अजून त्याच बंद खोलीत आहे. त्याला दुसरी खिडकी नाही, तुझाच श्वास.

त्यानंतर ताईने मास्कला हात लावला नाही. पाणी प्यायलाही नको म्हणाली. डोळे छताला, आणि श्वास असा घेऊ लागली, जसं कुणी विहिरीतून घागरी ओढतं, एकेक, भरून, सांडू न देता. साक्षी उशाशी बसून मास्कची कड बोटाने दाबून होती. गालाला कुठे फट राहायला नको. आयुष्यात पहिल्यांदा तिला फटींची भीती वाटत होती, आणि त्याच वेळी मागच्या खोलीच्या त्या रबराच्या खिडक्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. एक बोटभर उघडी असती तर. जुन्या घराची भिंत असती तर.

बाहेरच्या बाकावर आई भाऊजींना, आबांना, येणाऱ्याजाणाऱ्या बायांना एकच सांगत होती. या दोघी बहिणी इस्त्याजवळच वाढल्या. माझ्या आईने मला असंच शेकलं, मी यांना शेकलं. कुणाला काही झालं नाही. धूर नव्हता हो, धुराचा तंतू नव्हता. कुणी तिला काही म्हणत नव्हतं. भाऊजींनी चहा आणून तिच्या हातात दिला, तो तिने तसाच धरून गार केला.

नर्स अधूनमधून येऊन ठोके ऐकायची. साक्षी तिचं तोंड बघायची. कधी ती मान हलवायची, कधी नुसतीच निघून जायची. एकदा ताईने नजरेने साक्षीला विचारलं, म्हण ना. साक्षीने पोटाशी वाकून म्हटलं. अध्यक्ष महोदय. उत्तर आलं नाही, पण ठोके होते, म्हणून दोघींनी ते ऐकतायत असं धरलं.

सकाळी नर्स आली, यंत्र लावलं. खरखर. तिने ते डावीकडे नेलं, खाली नेलं, पुन्हा वर आणलं. दुसऱ्या नर्सला बोलावलं. मग डॉक्टरांना. सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणलं. डॉक्टरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवला. ताईला कळलं. तिने स्वतःच मास्क काढला, नीट घडी घातल्यासारखा बाजूला ठेवला, आणि म्हणाली, आता नको ना हा.

कळा आणाव्या लागल्या. जिवंत मूल जन्माला घालताना जे सोसावं लागतं ते सगळं ताईने सोसलं, एकही वजा नाही. मुलगी होती. साक्षी म्हणत होती तशी, मुलगी झाली तरी अध्यक्षच. नर्सने पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं. साक्षीने मेलेलं माणूस पाहिलं होतं, ते पिवळं पडतं, निळं पडतं. ही तशी नव्हती. गाल लाल, ओठ लाल, आता रडेल असं वाटावं. त्या लालीकडे पाहून आईने तोंडात पदर कोंबला, कारण ती लाली तिने घमेल्यात रोज पाहिली होती, राखेच्या सायीखालची.

ताईने बाळ छातीशी घेतलं. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे. ताई साक्षीला म्हणाली, "एकदा म्हण. मोठ्याने म्हण."

साक्षीने तोंड उघडलं. ज्या आवाजाने दोंडाईच्याचं सभागृह भरलं होतं, तो कुठेच नव्हता. जीभ टाळूला चिकटली. नजर सरळ आपल्या चपलांवर गेली.

तेव्हा ताईनेच म्हटलं, अगदी हळू, कानात सांगावं तसं, अध्यक्ष महोदय, आणि त्या लाल गालाचा मुका घेतला. साक्षीच्या मनात आलं, आपल्या भाषेत त्या इस्त्याला आणि याला एकच शब्द का असावा. नंतर तो विचार तिला कधीच झटकता आला नाही.

घरी आल्यावर थंडी तशीच होती. ताई चाळीसगावला गेली नाही, अजून काही दिवस इथेच. पान्हा फुटला होता, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण छाती दगडासारखी व्हायची आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खिडक्या आबांनी सताड उघडल्या होत्या. सगळे गोधड्या पांघरून कुडकुडायचे आणि त्या लावून घे असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं. सव्वीस जानेवारीला साक्षी शाळेत गेली नाही. बाईंचा निरोप आला होता, दुसरी मुलगी बोलली. आई स्वयंपाक करायची, जेवायला वाढायची, आणि धूर नव्हता, हे आता मोठ्याने म्हणत नव्हती, पण ओठ हलताना दिसायचे.

एका सकाळी चूल नुकती विझत आली होती. साक्षी ओट्यावर दात घासत होती. पार्वताअक्का फावडीवजा पत्रा घेऊन अंगणात आल्या. त्यांच्या सुनेलाही दिवस गेलेले, आणि त्यांचंही घरकुल त्याच साली झालेलं.

"सुलक्षणा, इस्तो दे वं थोडा. सूननी खोली गार पडनी."

आई चुलीपुढे उकिडवी बसली होती. समोर निखारे, छान झालेले, राख धरलेले, मुके. तिने वर पाहिलं नाही. विचारलं, खिडक्यांना काचा आहेत ना तुझ्या? पार्वताअक्का कौतुकाने म्हणाल्या, हो, तुमच्यासारख्याच, चप् बसतात.

"मंग नही देस मी."

अक्का हसल्या. त्यांना वाटलं चेष्टा आहे. म्हणाल्या, असं काय करतेस, धूर कुठे आहे त्याला, चांगला मुका झालाय. साक्षीने चूळ थुंकली आणि तिला वाटलं, आता आपण बोलावं, सगळं सांगावं, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं. पण आईनेच तोंड उघडलं होतं.

"मन्ही नात गई त्यामां, अक्का."

गावात सगळ्यांना माहीत होतं. पण तिने ते तोवर कुणापुढे म्हटलं नव्हतं, आबांपुढेही नाही. आतल्या खोलीत बाज करकरली. ताई जागी होती.

आईने बाजूचा पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला. इस्तो चरचरला, फुसफुसला, राखेचा आणि वाफेचा एवढा लोट उठला की अंगणात कुणाला कुणी दिसेना. पार्वताअक्का रिकामा पत्रा घेऊन मागे सरल्या, खोकत. साक्षीचे डोळे चुरचुरले. धूर नाकात, घशात, केसांत शिरत होता, आणि आई त्याच्या मधोमध बसून होती, हलत नव्हती, डोळेही पुसत नव्हती.